‘उतरवा ना एकदाचं!’ : आसन 12-सी यांना अनावृत पत्र

प्रति,
श्रीमंत शेठ,
आसन क्रमांक 12-सी,
मु. पो. वडपे, ता. भिवंडी, जि. ठाणे.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या मे महिन्यात नागपूरहून मुंबईला येताना आपल्या शेजारच्या आसनावर बसण्याचं भाग्य मला लाभलं. विमान सुटायच्या आतच आपण आपलं नाव, आपली गोदामं आणि गोदामांतल्या भाडेकरू कंपन्यांची यादी ऐकवलीत, आणि आपण दोघेही वडप्याचेच निघालो. मी तिथल्याच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या फाडतो. गाववाला या नात्याने आपले आभार मानणं त्याच रात्री माझं कर्तव्य होतं. पण अहमदाबादच्या विमानतळावर आपण काउंटरवरच्या पोरीवर ओरडण्यात गुंतला होतात, म्हणून राहून गेलं.

आपलं नाव इथे लिहीत नाही. नाक्यावरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ते पुरेशा मोठ्या अक्षरांत आहे.

पहिले आभार फोनबद्दल. विमान घाटकोपरच्या छपरांवरून येत होतं. बाहेर आभाळ मातकट झालेलं, पंख असे हेलकावत होते की पलीकडच्या रांगेतल्या आजींनी पिशवीतून जपमाळ काढली. अशा वेळी आपण फोन चालू करून ड्रायव्हरला कळवलंत, “उतरलो, गाडी लाव.” जे विमान अजून हवेत होतं ते आपण आपल्या अधिकारात उतरवूनही टाकलंत. कॅप्टनचं केवढं काम वाचवलंत!

कॅप्टनना मात्र आपला हुकूम पोचला नसावा. इंजिनं एकदम गरजली, नाक वर गेलं, पाठ सीटला चिकटली आणि हाताशी आलेली धावपट्टी खिडकीतून खाली खाली गेली. सगळं विमान गप्प. त्या शांततेला वाचा फोडलीत ती आपण: “अरे उतरवा ना एकदाचं! काय टाइमपास लावलाय!”

आम्ही सगळे भेदरलो होतो, शेठ. आपण मात्र भेदरला नाहीत, चिडलात. भीतीच्या जागी राग आणण्याची ही कला मी नाक्यावर ट्रॅफिक तुंबल्यावर पुष्कळ पाहिली आहे, हवेत प्रथमच पाहिली.

काही मिनिटांनी कॅप्टननी सांगितलं, वाऱ्याचा जोर आणि दिशा अचानक बदलली म्हणून उतरणं रद्द केलं, फेरी मारून पुन्हा प्रयत्न करू. आवाज बाईंचा होता. त्यावर आपण माझ्याकडे वळून एकच शब्द बोललात: “तरीच!” तीन अक्षरांत आपण वाऱ्याचा, विमानाचा आणि बाईमाणसाचा सोक्षमोक्ष लावलात. महिला वैमानिकांचं प्रमाण भारतात जगाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे. म्हणजे आपल्याला ‘तरीच’ म्हणण्याची संधी या देशात जितक्या वेळा मिळेल तितकी दुसरीकडे कुठे मिळायची नाही. आपण योग्य देशात जन्माला आलात.

मी मुळात भित्रा माणूस. विमानात बसावं लागतं म्हणून घरी बसून विमान अपघातांचे चौकशी अहवाल वाचतो. बायको म्हणते, हे म्हणजे मुद्दाम खपली काढणं. असो. पण त्या वाचनामुळे मला आपल्या ज्ञानाची खोली कळली, एरवी कळली नसती.

उदाहरणार्थ, आपण विचारलंत, “विमान वाकडं का आणलं हिने?” किती मार्मिक प्रश्न! आडवा वारा असला की विमानाचं नाक वाऱ्याकडे थोडं वळवून, तिरकंच धावपट्टीकडे आणावं लागतं. सरळ आणायला गेलं तर वारा त्याला बाजूला ढकलत नेतो. मग चाकं टेकायच्या अगदी आधी, पायाखालच्या रडरने नाक सरळ करायचं आणि वाऱ्याकडचा पंख जरासा दाबून धरायचा. हे सगळं काही सेकंदांत, ताशी दोनशेहून अधिक किलोमीटरच्या वेगात. एअरबस 320 या जातीच्या विमानाने चाचण्यांत 38 नॉटपर्यंतचा आडवा झटका झेलून दाखवलेला आहे, म्हणजे ताशी सुमारे 70 किलोमीटर. पण सारखा वाहणारा वारा एक आणि झटके देणारा वारा एक. पहिल्याचा अंदाज बांधता येतो. दुसरा, नाक सरळ करायला घेतलं की हात काढून घेतो.

मे महिन्यातला आपल्याकडचा वारा हा दुसऱ्या जातीचा, हे आपल्याला मी काय सांगावं? आपलाच फ्लेक्स एका संध्याकाळी नाक्यावरून सुटून नाशिककडे निघालेल्या टेम्पोच्या काचेवर जाऊन बसला होता. टेम्पोवाल्याला रस्ता दिसेना, पण आपला हसरा चेहरा दिसत होता. त्याने करकचून ब्रेक मारला आणि बाजूला घेतला. त्याला कोणी ‘टाइमपास’ म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आणि 13 मे 2024 ची संध्याकाळ तर आपण विसरला नसालच. धुळीचं वादळ आलं, घाटकोपरला छेडानगरात पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळलं आणि 17 माणसं गेली. त्याच वादळात मुंबई विमानतळाचं कामकाज तासाभराहून अधिक थांबलं, 15 विमानं दुसरीकडे वळवावी लागली. म्हणजे त्या दिवशी 15 कॉकपिटांत कोणीतरी ‘आज मुंबई नको’ असं ठरवलं. त्या पंधरांतल्या प्रत्येकात आपल्यासारखे एक मार्गदर्शक असतीलच. त्यांचं कुणी ऐकलं नाही आणि त्यांच्यापैकी एकाचंही नाव दुसऱ्या दिवशी पेपरात आलं नाही.

आता एक लहान तोंडी मोठा घास. आपल्या गोदामाच्या डॉकला चाळीस फुटी कंटेनर रिव्हर्स लावताना आपण पाहिलाच असेल. समोर हायवेचा धुरळा, बाजूला भिंत, मागे आपला महागडा डॉक. कोन चुकला की मागे उभा हमाल शिट्टी मारतो, “पुढं घे, परत घे!” ड्रायव्हर निमूट गाडी पुढे काढतो, सरळ करतो आणि परत मागे घेतो. तीनदा घेतो, कधी चारदा. जो हट्टाने तशीच वाकडी घुसवतो तो आपला रबरी बंपर फोडतो, आणि त्याचं भाडं आपण कापता. परत घेणाऱ्याला आपण कधी काही बोलला नाहीत. उलट चहा पाजता. विमानाला हवेत हीच सोय आहे, फक्त शिट्टी मारायला मागे हमाल नसतो. त्याच्या जागी शेजारी बसलेला सहवैमानिक असतो.

बहुतेक विमान कंपन्यांत नियमच असतो, की दोघांपैकी कोणीही ‘गो-अराउंड’ म्हटलं की वाद न घालता वर जायचं. ढगांत हजार फुटांवर, स्वच्छ हवेत पाचशे फुटांवर विमान ठरल्या वेगात, ठरल्या उतारावर, धावपट्टीच्या रेषेत, चाकं-फ्लॅप लावून तयार असलंच पाहिजे. नसेल तर वर. त्याखाली आल्यावर बिघडलं तरी वर. चाकं टेकली तरीही वर जाता येतं, रिव्हर्स लावेपर्यंत. एकदा इंजिनांचा रिव्हर्स लावला की मात्र थांबायचं, मग उडायचा विचार मनात आणायचा नाही.

इतकं साधं आहे, तरी आपल्यासाठी एक खुशखबर आहे. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन ही विमान सुरक्षेवर काम करणारी जगन्मान्य संस्था. तिच्या अभ्यासात दिसलं, की असं बिघडलेलं उतरणं शंभरात जेमतेम तीन वेळा सोडून दिलं जातं. उरलेल्या सत्त्याण्णव वेळा वैमानिक ते पुढे रेटतात आणि बहुतेकदा निभावूनही जातं. म्हणजे ‘उतरवा ना एकदाचं’ हा आपला मंत्र जगभरच्या कॉकपिटांत आधीच पोचलेला आहे, शेठ. आपण उगाच घसा कोरडा केलात. आपल्याला चीड आणणाऱ्या त्या बाई शंभरातल्या तिघांतल्या निघाल्या, हे आपलं दुर्दैव.

निभावून जात नाही तेव्हा काय होतं, तेही सांगतो, कारण आपल्याला जमाखर्च कळतो.

1 जुलै 2019 च्या रात्री जयपूरहून आलेलं एक विमान मुंबईच्या मुसळधार पावसात उतरलं. उतरलं, म्हणजे धावपट्टी संपली तरी उतरतच राहिलं आणि पुढच्या चिखलात जाऊन रुतलं. दैव बलवत्तर, माणसं वाचली. विमान चिखलातून ओढून काढायला एअर इंडियाकडचं खास सामान आणावं लागलं, आणि मुख्य धावपट्टी 5 जुलैपर्यंत बंद राहिली. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यातली मोठी चार दिवस बंद म्हणजे किती विमानं रद्द झाली, किती लोकांनी फरशीवर पेपर अंथरून रात्री काढल्या, याचा हिशेब आपणच करावा. त्याच्या दोन वर्षं आधी, सप्टेंबर 2017 मध्ये, वाराणसीहून आलेल्या विमानाने हाच प्रयोग याच धावपट्टीवर केला होता. जुलै 2025 मध्ये कोचीहून आलेलं विमान पावसात धावपट्टी सोडून बाजूला गेलं आणि इंजिनाचं आवरण फाटून आलं. आपल्याला ज्या ‘टाइमपास’चा राग आला त्याची वीस मिनिटं या खात्यात कुठे टाकायची, ते आपल्या मुनीमजींना विचारून कळवावं.

मंगळूरचं नाव काढू का? काढतोच. 22 मे 2010 ची सकाळ. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान. हवा स्वच्छ, वारा शांत, कुरकुर करावी असं काही नाही. कॅप्टनना वाटेत बराच वेळ झोप लागलेली, विमान फार उंच आणि फार वेगात आलेलं. शेजारच्या सहवैमानिकाने एकदा नाही, तीनदा सांगितलं की परत वर जाऊ या. इशारा देणारं यंत्र वेगळं ओरडत होतं. कॅप्टननी उतरवलंच, अर्ध्याहून अधिक धावपट्टी मागे टाकून. आणि रिव्हर्स लावल्यावर, जेव्हा फक्त थांबायचं होतं, तेव्हा पुन्हा उडायला गेले. टेबलासारख्या टेकडीवरची धावपट्टी, पुढे दरी. 158 गेले, आठ वाचले. चौकशी निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या समितीने केली, आणि तिच्या अहवालात थेट कारण म्हणून हेच आलं: बिघडलेलं उतरणं सोडून दिलं नाही. सहवैमानिकाने आपल्यासारखा आवाज चढवला असता तर? पण त्याला आपलं शिक्षण नव्हतं. तो मर्यादेने बोलला.

यापुढच्या परिच्छेदात मी आपली थट्टा करणार नाही.

7 ऑगस्ट 2020. करोनाच्या दिवसांत दुबईहून लोकांना घेऊन कोळीकोडला आलेलं विमान. कॅप्टन दीपक साठे, नागपूरच्या घरातले, हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले, नावाजलेले वैमानिक. पाऊस जोराचा. पहिल्या प्रयत्नात त्यांच्या बाजूच्या काचेचा वायपर बंद पडला आणि त्यांनी विमान परत वर घेतलं. दुसऱ्या वेळी उलट्या बाजूने, पाठीमागून येणारा वारा घेऊन आले. विमान 8,858 फुटांच्या धावपट्टीवर 4,438 फुटांनंतर टेकलं. सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ म्हटलं होतं. तेही गेले, साठेही गेले, एकूण 21 माणसं गेली. चौकशी अहवालाने दोष वैमानिकाच्या निर्णयाला दिला, पण तिथेच थांबला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचं कोळीकोडहून निघणारं विमान याच कॅप्टनना न्यायचं होतं, आणि राखीव कॅप्टनांची तिथे वानवा होती, हेही त्याने लिहून ठेवलं. इतक्या अनुभवी माणसाच्या हातालासुद्धा उद्याच्या वेळापत्रकाचं ओझं जाणवतं. त्या ओझ्याचं एक टोक कंपनीच्या हातात असतं, दुसरं आपल्यासारख्यांच्या.

संपला परिच्छेद. आता परत आपल्याकडे.

दुसऱ्या प्रयत्नालाही वाऱ्याने दाद दिली नाही आणि कॅप्टनबाईंनी जाहीर केलं, आपण अहमदाबादला जातोय. मघापर्यंत ज्यांच्या हातात विमान द्यायला आपण तयार नव्हतात त्यांच्याकडे आपण आता आग्रह धरलात: “अजून एक ट्राय मारायला काय जातं?” वाह! प्रयत्नांती परमेश्वर म्हणतात. मुंबईत तिसऱ्या, चौथ्या प्रयत्नाला तो नक्की भेटला असता.

भेटायच्या बेतात होताच एकदा. 18 ऑगस्ट 2015 ला दोह्याहून कोचीला आलेल्या जेट एअरवेजच्या विमानाने कोचीत ट्राय मारला, पुन्हा मारला, पुन्हा मारला. मग तिरुअनंतपुरमला जाऊन तिथेही मारले. सातव्या वेळी उतरलं तेव्हा टाकीत 349 किलो इंधन उरलं होतं. एवढ्या मोठ्या विमानाला ते काही मिनिटांपुरतं. नियम सांगतो, शेवटच्या क्षणी देखील अर्ध्या तासाचं इंधन हातचं राखून असलंच पाहिजे. म्हणजे परत वर जाणं हे अर्धंच शहाणपण. आता पुरे, दुसरीकडे चला, हे वेळेवर म्हणणं हे उरलेलं अर्धं. त्या रात्री आपल्याला दोन्ही अर्धी एकाच तिकिटात मिळाली आणि आपण रिफंड मागितलात.

आपल्या बॅगेबद्दल तर किती आभार मानावेत! विमान पुन्हा चढत असताना आपण पट्टा सोडून उठलात आणि वरच्या कप्प्यातली बॅग काढायला गेलात. का, ते कळलं नाही. कदाचित मधेच उतरून वडप्याची शेअर रिक्षा पकडायचा विचार असेल. हवाईसुंदरीने हात जोडून बसायला सांगितलं, तेव्हा आपण तिला “तू मला शिकवू नको” म्हणालात. ती पोर गप्प राहिली. गप्प राहण्याचे तिला पैसे मिळत नाहीत, शेठ. आग लागली तर दीड मिनिटात सगळ्यांना बाहेर काढण्याचं शिक्षण घेतल्याचे मिळतात.

बॅगेवरून दुबई आठवली. 3 ऑगस्ट 2016 ला तिरुअनंतपुरमहून गेलेलं एमिरेट्सचं बोइंग 777 दुबईत उतरत होतं. टेकता टेकता वाऱ्याने दिशा बदलली, विमान लांब जाऊन टेकलं, वैमानिकांनी पुन्हा वर घ्यायला घेतलं. पण चाकं एकदा जमिनीला लागली की त्या विमानात जोर देणारी कळ काम करत नाही, हाताने लिव्हर पुढे ढकलावे लागतात. ते वेळेत लक्षात आलं नाही, विमान पोटावर आपटलं आणि पेटलं. म्हणून माझ्यासारख्या भित्र्याने सुद्धा हे कबूल केलं पाहिजे की गो-अराउंड म्हणजे रामबाण इलाज नव्हे. ऑगस्ट 2025 मध्ये बँकॉकहून आलेल्या विमानाची शेपूट मुंबईत खराब हवेत परत वर जाताना धावपट्टीला घासली होती. दुसऱ्या प्रयत्नात ते सुखरूप उतरलं. हे कामच कठीण आहे, म्हणूनच ते शेजारच्या आसनावरून आरडाओरडा करून करता येत नाही.

तर दुबईचं ते विमान. 300 जण आत होते, सगळे बाहेर आले. आग विझवायला गेलेला एक जवान मात्र गेला. आणि आतल्या धुरात लोक वरच्या कप्प्यांतून बॅगा, लॅपटॉप शोधत होते, त्याची चित्रफीत जगभर फिरली. ती पाहताना मला वाटलं होतं, अशी माणसं प्रत्यक्षात असतात तरी कुठे? आता पत्ता कळला.

आपली स्वतःची चित्रफीतही अप्रतिम झाली आहे. “पायलटचा हलगर्जीपणा, दीडशे प्रवाशांचा जीव टांगणीला” असा मथळा देऊन आपण ती गावातल्या सगळ्या ग्रुपांवर टाकलीत. मला ती पाच ठिकाणांहून आली. मथळ्याबाबत आपण एकटे नाही. 30 नोव्हेंबर 2024 ला फेंगल चक्रीवादळाच्या तोंडावर मुंबईहून गेलेलं इंडिगोचं विमान चेन्नईत उतरताना पाहिलं असेल. चाकं धावपट्टीला लागता लागता आडव्या वाऱ्याने पंख एका बाजूला झुकला, आणि दुसऱ्या क्षणी विमान नाक वर करून निघून गेलं. त्या चित्रफितीला ‘थरार’, ‘थोडक्यात अनर्थ टळला’ असे मथळे मिळाले. टळला खरा. पण आपोआप टळला नाही, कोणीतरी टाळला. जो धडपडत, घासत, कसाबसा उतरवतो त्याला आपण टाळ्या वाजवता, आणि जो टाळतो त्याची चित्रफीत काढता. वैमानिकांच्या घरी सुद्धा मोबाइल आहेत, शेठ. ते हे पाहतात.

आपण म्हणाल, कॉकपिटचं दार तर बंद असतं, माझा आवाज आत कुठे पोचतो? विनय हा आपला अलंकार आहे, पण इथे तो नको. आपला आवाज दाराने जात नाही, तो तक्रारीच्या मेलने जातो, एका ताऱ्याच्या शेऱ्याने जातो, रिफंडाच्या आकड्याने जातो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला एक तक्ता काढतं. कोणत्या कंपनीची किती टक्के विमानं वेळेवर, किती रद्द, किती तक्रारी, सगळं त्यात असतं. शहाणपणाने परत वर गेलेल्यांचा रकाना त्यात नसतो. कंपन्या छातीवर हात ठेवून सांगतात की गो-अराउंड केला म्हणून आम्ही कुणाला जाब विचारत नाही, आणि तो नियमच आहे. पण ज्या दोघांच्या मनात धावपट्टी दिसताना क्षणभर पुढच्या जोड-विमानाचा, ड्यूटीच्या तासांचा आणि मागे बसलेल्या दीडशे जणांच्या कपाळावरच्या आठ्यांचा विचार येतो, त्यांना तो नियम तेव्हा किती ऐकू येत असेल?

गंमत म्हणजे वेळेचा आपल्याला एरवी इतका सोस नाही. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये आमण्यापर्यंत उघडला, तिथली गर्दी आपल्याच नाक्यावर येऊन सांडते. वडपे ते माजिवडा रुंदीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. त्या रस्त्यावर आपण दोन-दोन तास गाडीत बसता, खड्ड्यांतून कंबर हलवून घेता आणि चकार शब्द काढत नाही. कंत्राटदार आपल्या ओळखीचे, म्हणून असेल. खाली दोन तास निमूट गिळणाऱ्या आपल्या घशात वर वीस मिनिटं कशी अडकतात, याचं कोडं मला अजून सुटलेलं नाही.

शेवटचे आणि सर्वांत मनापासूनचे आभार अहमदाबादच्या लँडिंगबद्दल. विमान असं अलगद टेकलं की आजींना कळलंच नाही, त्या विचारत राहिल्या, आलं का? आपल्याला मात्र कळलं. आपण म्हणालात, “बघ, आता कसं जमलं! ओरडलं की जमतं.” श्रेय घेण्याची ही तत्परता पाहून मी मनोमन हात जोडले.

विनंती एवढीच, की पुढच्या वेळी मेमध्ये किंवा पावसाळ्यात आपल्या विमानाने नाक वर केलं, तर पट्टा आवळून बसावं आणि त्या कॅप्टनना त्यांचं काम करू द्यावं. टाळ्या वाजवायची हौस असेल तर तेव्हाच वाजवाव्यात, विमान वर जात असताना. ऐकणारं कुणी असेल नसेल, पण योग्य वेळी वाजवलेल्या त्या आपल्या पहिल्या टाळ्या ठरतील.

कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला कृपाभिलाषी,
आसन क्रमांक 12-बी

ता. क. : विमानात गोंधळ घालणाऱ्या प्रवाशांबाबत 2017 चा नियम आपल्या माहितीसाठी देतो. कॅप्टनने तक्रार केली की निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती तीस दिवसांत निर्णय देते. नुसत्या शिवीगाळीला आणि हातवाऱ्यांना तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी आहे, अंगावर हात टाकल्यास सहा महिन्यांपर्यंत, जिवावर बेतणाऱ्या वागण्याला किमान दोन वर्षं. आपण परवाच पुन्हा विमानाने नागपूरला गेलात असं नाक्यावर कळलं. म्हणजे त्या बाईंनी तक्रार केलेली दिसत नाही.